कमरबीच्या गावाचं पुस्तक

कमरबीला अक्षर ठाऊक नव्हतं, तरी आमच्या वाचनालयातली निजामाच्या राज्यावरची एकूण एक पुस्तकं तिनं संपवली होती. आमचे सभासद कादंबरीसाठी हमरीतुमरीवर यायचे; इतिहासाच्या कपाटाला कुलूप लावलं काय नि न लावलं काय, कुणाचं काही अडत नव्हतं. मी देवघेवीच्या टेबलावर बसायची, तेव्हा हे मला पक्कं माहीत. त्या कपाटातली पुस्तकं मी पिशवीत घालून घरी न्यायची आणि कमरबीला मोठ्यानं वाचून दाखवायची. ती वाकळ शिवत ऐकायची.

माझं नाव विजयमाला. सोलापूरच्या नवी पेठेत जिना चढून जायचं आमचं वाचनालय. सकाळी उघडं, दुपारी बंद, संध्याकाळी पुन्हा उघडं. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, त्यामुळे साऱ्या आळीला माझी काळजी. आईला तर इतकी होती की ती बोलून दाखवायचंच तिनं सोडून दिलं होतं. दुपारी घरात आम्ही दोघी मायलेकी, आणि थंडीच्या तोंडाला काही दिवस कमरबी.

ती पिंजारीण. विजापूर वेशीजवळ एका खोलीत राहायची, लोकांच्या गाद्या भरायची, वाकळा शिवायची. बहात्तरच्या दुष्काळानं त्या दोन वर्षांत माणसांना असं पिळून काढलं होतं की नवा कापूस घ्यायची कुणाची छाती होत नव्हती. पण जुनी लुगडी कुणाच्या घरी नसतात? ती एकावर एक अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि कडेकडेनं शिवत मधे यायचं. कमरबीचा टाका एवढा बारीक की आई म्हणायची, "हिच्या वाकळेवर पाय ठेवायला जीव होत नाही." आम्ही तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. ती मला इजामाला म्हणायची, आणि मी कितीदा सुधारलं तरी इजामालाच म्हणत राहिली.

वाचनाची सुरुवात माझ्या आळसातून झाली. ती सोप्यात शिवत होती आणि मी भिंतीला टेकून एक जाडं पुस्तक चाळत होते. तिनं विचारलं, "इजामाला, काय हाय गं त्या बुकात?"

"निजामाचं राज्य."

सुई थांबली. "आमचं करंजहळ्ळी हाय का बघ की."

मी बघितलं. नव्हतं. पुढच्या पुस्तकातही नव्हतं. पण तोवर तिला सवय लागली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. मोठ्यानं वाचताना कुणीतरी कान देऊन ऐकतंय, हे सुख मला त्या घरात दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं. आई तर पहिल्या पानावरच घोरायला लागायची.

करंजहळ्ळी हे कमरबीचं सासर. दुधनीच्या पलीकडे, तेव्हाच्या निजामाच्या हद्दीतलं. माहेर दुधनी, हद्दीच्या अलीकडे. मधे एक ओढा आणि करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. नव्या नवरीच्या अंगावरच्या लुगड्यावरही त्या नाकेदारानं जकात मागितली होती, हे ती दरवर्षी नव्यानं हसून सांगायची. गावात काही घरं कानडी बोलणारी, काही मराठी, पिंजाऱ्यांची तेवढी दखनी. भांडायला मात्र तिन्ही भाषा सगळ्यांना यायच्या. तिचा नवरा कासीम कापूस पिंजायचा. त्याच्या कमानीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा, म्हणून तो घरात आहे की नाही हे तिला विहिरीवरूनही कळायचं. एवढं सांगून ती सुईत नवा दोरा ओवायची. मग मी वाचायला लागायची.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात रझाकारांचा धुमाकूळ वाढला. रझाकार म्हणजे निजामाचं राज्य टिकावं म्हणून हत्यार घेतलेल्या टोळ्या. त्यांनी गावं जाळली, माणसं मारली. जीव घेऊन पळालेल्या लोकांनी आमच्या सोलापूरच्या धर्मशाळा भरून गेल्या होत्या, ते मला लहानपणचं आठवतं. मग भारताचं लष्कर आत गेलं आणि चार-पाच दिवसांत निजाम शरण आला. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला, आणि ज्यांनी आयुष्यात काठी उचलली नाही असे कितीतरी मुसलमान त्यात मेले. यातली पहिली गोष्ट आमच्या कपाटात पानोपानी आहे. दुसरी शोधावी लागते.

कासीमनं तिला त्या पावसाळ्यात दुधनीला आणून सोडलं. "उरसाच्या आत न्यायला येतो," म्हणाला. उरूस आला नि गेला, तो आला नाही. करंजहळ्ळीची पिंजाऱ्यांची घरं कुठं पांगली ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकानं सांगितलं, गुलबर्ग्याच्या तुरुंगात बघितला. दुसरा म्हणाला, हैदराबादला आहे. तिसऱ्यानं थेट कराचीला पोचवला. कमरबीनं यातलं काहीच टाकून दिलं नाही. थंडीत ती म्हणायची, हैदराबादला बरी हवा असेल. तुरुंगातून लोक सुटल्याची बातमी आली की तिचं लक्ष दाराकडे. भावांनी दुसऱ्या निकाहाचं काढलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "नवरा असताना?" आणि ती सोलापूरला निघून आली. का, तर म्हणे सगळ्या गाड्या सोलापुरावरनं जातात, येणारा माणूस इथंच उतरणार.

मला या वाट बघण्याचा राग यायचा. मी तसं बोलूनही दाखवायची. "खाला, इतकी वर्षं झाली. यायचा असता तर आला असता." ती दोरा दातानं तोडायची आणि म्हणायची, "वाच की पुढं." माझं तोंड बंद करायची ही तिची युक्ती होती. पण कधीकधी वाचता वाचता मला वाटायचं, माझ्यासाठी कुणी इतकं थांबलं असतं का? आणि मी कुणासाठी? या प्रश्नाचं उत्तर मला आवडायचं नाही, म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचायची.

एकदा ती चिडली. "तुज्या बुकात नुसत्या बंदुका नि बंदुका. आमी काय रोज बंदुकाच खात व्हतो व्हय? उरूस कुटं हाय?" तेव्हा मी शेजारचं कपाट उघडलं. त्यात जत्रा, उरूस, ओव्या, लोकदैवतं. मोहरमच्या पिरांसमोर लिंगायताची पोरं नवसाची फकिरी घेतात, हातात नाडा बांधून घरोघर झोळी फिरवतात, हे वाचलं तेव्हा ती मांडीवर थाप मारून हसली. "आता आलं आमचं गाव!" गावाचं नाव त्यातही नव्हतं. पण त्या दिवशी तिनं रोजच्यापेक्षा दुप्पट शिवलं.

मला तेव्हापासून त्या दोन कपाटांचा संशय यायला लागला. एकात ही माणसं उरसात नाचतात, दुसऱ्यात तीच माणसं मरतात, आणि मधे जाड सागवानी फळी. एका कपाटातल्या माणसाला दुसऱ्या कपाटातल्या माणसाची ओळख नाही. आमच्या चिटणीसांना मी हे एकदा म्हटलं, तर ते म्हणाले, "वर्गीकरण तसंच असतं." असेल बापडं.

निजामाचं राज्य जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा त्र्याहत्तरच्या दिवाळीला लढ्यावरची बरीच नवी पुस्तकं आली. त्यात एक होतं अक्कलकोटच्या महिपतराव मास्तरांचं. स्वखर्चानं छापलेलं, कागद पिवळट, शाई बोटाला लागणारी. मी पानं कापता कापता करंजहळ्ळी हा शब्द बघितला आणि तशीच जिना उतरून घरी आले. न वाचता आणलं, हे मुद्दाम सांगते. मला वाटलं, दोघींनी बरोबरच वाचावं.

महिपतराव मूळचे करंजहळ्ळीच्या शेजारच्या गावचे. पहिल्या दुपारी आम्ही त्यांच्या भावाचं प्रकरण वाचलं. भीमराव नाव. रझाकारांनी त्याला खळ्यावर गाठून मारलं होतं आणि प्रेत दोन दिवस उचलू दिलं नव्हतं. मास्तरांनी ते फार साधं लिहिलं होतं. कमरबी शिवायची थांबली. "भीमाअण्णा," ती म्हणाली. "त्येच्या लग्नातली गादी आमीच भरलेली. लई हसरा मानूस." आई आतून म्हणाली, "विजू, पुरे आता," आणि मीही पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दुपारी करंजहळ्ळी आलं. ते पान मला पाठ झालंय.

"निजाम शरण गेल्यानंतर काही दिवसांनी करंजहळ्ळीच्या ओढ्याजवळ लोकांनी एका रझाकारास धरले. त्याने आपले नाव कासीम, राहणार करंजहळ्ळी, असे सांगितले. त्याच्या अंगरख्यावर तांबड्या दोऱ्याने शिवलेला पत्र्याचा बिल्ला होता. मी निजामी शाळेत शिकल्याने मला उर्दू येत होते, म्हणून लोकांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. 'रझाकार' अशी स्वच्छ अक्षरे त्यावर होती. तो 'पाणी देतो, पाणी देतो' असे पुनःपुन्हा म्हणत होता. भीतीने त्यास भ्रम झाला असावा. लोकांनी त्यास तेथेच संपविले."

मी थांबले तेव्हा माझ्याच आवाजाची मला भीती वाटली. कमरबी सुईकडे बघत होती.

"त्यो न्हवं," ती म्हणाली.

"खाला..."

"माजा कासीम रझाकार न्हवता. ह्यो दुसरा कुनीतरी. कासीम काय जगात एकच असतोय व्हय?"

तिनं सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली, पदर सावरला आणि निघून गेली. वाकळ अर्धवट, कोपऱ्यांवर दगड तसेच. आई कित्येक दिवस त्या वाकळेला वळसा घालून देवघरात जात होती आणि ती गुंडाळून ठेव असं एकदाही म्हणाली नाही.

मी विजापूर वेशीला दोनदा जाऊन आले. खोलीला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, स्टेशनात जाऊन बसते. मी तिकडे गेले नाही. तिथं माझं काय काम होतं?

मग एका दुपारी ती आली. नेहमीच्या जागेवर बसली, पण सुई हातात घेतली नाही. "त्ये तांबड्या दोऱ्याचं परत वाच."

मी वाचलं.

"टाचनी मोडली व्हती त्येची," ती म्हणाली. "म्हनून मीच शिवला. वाकळीचा जाड दोरा. म्हनलं, आता काय निघत न्हाय."

मला आधी काही उमगेना. मग तिनं सांगितलं, अगदी हळू, मधे मधे थांबून. त्यांच्या दर्ग्याच्या उरसाला पाच-पंचवीस गावचे लोक यायचे. व्यवस्थेला गावातली तरणी पोरं, आपखुशीनं राबणारी. कुणी चपला सांभाळायच्या, कुणी हरवलेली पोरं शोधायची. त्यांना पंचांनी पत्र्याचे बिल्ले करून दिले होते, लढाईबिढाईच्या किती आधी. त्यावर उर्दूत एकच शब्द: रझाकार.

"तवा रझाकार म्हंजे काय गं? मर्जीनं खिदमत करनारा. तुमी सोयंसेवक म्हंता त्येच. ना पगार, ना कायबी. कासीमकडं पानी व्हतं. पाठीवर पखाल घ्यायची आनि गर्दीतनं वरडत फिरायचं, पानी देतो, पानी देतो. हिंदूंचा तांब्या येगळा, आमचा येगळा. कुनाला तान लागली की त्येलाच हाक."

"मग तो बिल्ला त्या दिवशी कशाला लावला त्यानं?" मी जवळजवळ ओरडले. "तेव्हा? तो शब्द घालून?"

"त्येला वाचाय कुटं येत व्हतं?" कमरबी म्हणाली. "पंचायतीनं दिलेला बिल्ला. त्येला वाटलं आसंल, ह्यो बघितला की लोक वळखतील. म्हनतील, ह्यो तर आपला पानीवाला. ह्येला सोडा."

मी पुस्तक जमिनीवर आपटलं. वाचनालयाचं पुस्तक मी आयुष्यात त्या एकदाच आपटलं. त्या गर्दीतले कितीजण त्याच्या हातचं पाणी प्याले असतील? एक चांगला शब्द होता, तो कुणीतरी पळवून नेऊन बंदुकीला बांधला, आणि याला ते कळवायला कुणी गेलं नाही. आणि त्या मास्तरांनी, ज्यांना अक्षर येत होतं, त्यांनी तो स्वच्छ वाचला.

"त्या मास्तराला गाठायचं," कमरबी म्हणाली. "सांगायचं, बुकातलं दुरुस्त करा."

मी लगेच हो म्हणणार होते. भांडायला जायचं म्हटलं की मी तयारच असते. पण आई दारात येऊन उभी राहिली होती आणि तिच्या तोंडाकडे बघून मला समजलं.

"खाला," मी म्हणाले, "जाऊ या. पण ते विचारतील, हा कासीम तुमचा कोण? नवरा म्हणालीस, तर 'तेथेच संपविले' हे शेवटचं वाक्य पण तुझंच होईल. मग गुलबर्गा नाही, हैदराबाद नाही, स्टेशन नाही. आणि गेलीच नाहीस, तर तो दुसरा कुणी कासीम. तू म्हणालीस तसा."

तिनं वाकळेच्या कोपऱ्यावरचा दगड सरळ केला. मग म्हणाली, "त्यो जित्ता ऱ्हावा म्हनून त्येला बुकात रझाकार ऱ्हाऊ देऊ?"

आईनं आत जाऊन चहा टाकला.

सोमवारी वाचनालय बंद. आम्ही अक्कलकोटची एस.टी. धरली. गुरुवार नव्हता, म्हणून स्वामींच्या मठाला जाणारी गर्दी नव्हती, बसायला मिळालं. कमरबी खिडकीशी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, त्या साली बऱ्यापैकी आली होती. मी विचारलं, काय सांगणार आहेस? तर म्हणाली, "तितं गेल्यावर बघू." वळसंगचा थांबा गेल्यावर एकदम म्हणाली, "त्येचं त्वांड आता धड आठवत न्हाय, इजामाला. हात आठवतात. कापसाचं बारीक केस चिकटलेलं हात. मला लई भ्या वाटतं, समोर आला नि मीच वळखलं न्हाय तर?" आणि थोड्या वेळानं, "म्हनून स्टेशनात लोकांचं हातच बघती मी." त्या बाईनं मला तेवढ्या वाटेत जे सांगितलं ते ऐकायला माझ्यात बळ नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. सुई टोचून टोचून तिच्या बोटांना घट्टे पडले होते.

महिपतराव मास्तर ओसरीवर खाटेवर बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, अंगात बंडी. "बर्री, कूड्री," म्हणाले, या, बसा. त्या भागातले लोक मराठी माणसाचंही स्वागत कानडीतच करतात. सोलापूरच्या वाचनालयातून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, मी व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन आले. विषय कोणता ठेवताय, असंही त्यांनी विचारलं. मी पुस्तक काढून ते पान उघडलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

त्यांनी वाचलं. "जे डोळ्यांनी बघितलं ते लिहिलं," म्हणाले. "पदरचं एक अक्षर नाही."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. कमरबीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला गप्प केलं.

"मास्तर, बिल्ल्यावर काय लिवलं व्हतं?"

"रझाकार. मी वाचला ना. लोकांनी विचारलं, काय लिहिलंय. जे लिहिलं होतं ते सांगितलं."

"बरूबर वाचलात," ती म्हणाली. "त्येच लिवलं व्हतं." आणि मग तिनं उरूस सांगितला. पंच, चपला, हरवलेली पोरं, पखाल, दोन तांबे. टाचणी मोडल्याचं सांगितलं. आवाज चढला नाही की कापला नाही; वाकळेचा टाका घालावा तसं एकामागून एक सांगत गेली. मास्तर आधी मधे बोलायला बघत होते, मग नुसते ऐकत राहिले. सांगता सांगता ती 'पानी देतो'पाशी आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पाणी देतो," ते स्वतःशीच म्हणाले. "आम्हाला वाटलं..."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, जे ते विचारणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"तुमचे कोण ते?"

कमरबीनं माझ्याकडे बघितलं. मला त्या घटकेला वाटलं, नको सांगूस. खोटं सांग. चुलत दीर सांग, गावचा सांग, आणि चल परत, मी तुला आयुष्यभर पुस्तकं वाचून दाखवीन. मी तोंडानं काही म्हणाले नाही, पण तिला ते कळलं असणार, कारण ती थोडीशी हसली.

"माजा नवरा," ती म्हणाली. "कासीम पिंजारी माजा नवरा व्हता."

मास्तरांनी माफीबिफी मागितली नाही. मी तीच ऐकायला टपून बसले होते, पण ती मागितली असती तर मला आणखी संताप आला असता असं आता वाटतं. ते म्हणाले, "भीमाला मारून तेव्हा महिनासुद्धा झाला नव्हता."

"व्हय," कमरबी म्हणाली. "भीमाअण्णाच्या लग्नातली गादी आमीच भरली व्हती. कासीमनंच पिंजला व्हता कापूस."

म्हातारा मांडीवरचा चष्मा पुसत राहिला. मग तिनं विचारलं, "पुरलं कुटं?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजीच्या झाडाखाली. दुसऱ्या दिवशी मी आणि आमचा गडी गेलो होतो. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं." थोडं थांबून म्हणाले, "ते मी पुस्तकात लिहिलं नाही. लोकांनी नावं ठेवली असती."

मला त्यांचा राग यायचा तो यायचाच, पण तो आता पहिल्यासारखा सरळ राहिला नाही. ते उठले, आतून आपली प्रत घेऊन आले, टाक शाईत बुडवला. 'एका रझाकारास' या शब्दांवर त्यांनी रेघ ओढली. रेघ वाकडी गेली. "दुसरी आवृत्ती निघेल न निघेल," म्हणाले, "इथं तरी नीट करतो. काय लिहू?"

कमरबीनं विचार केला. मला वाटलं ती निर्दोष, गरीब, बिचारा, असलं काहीतरी सांगेल. मी असते तर तेच सांगितलं असतं. ती म्हणाली, "लिवा, उरसात पानी देनारा कासीम. कमरबीचा नवरा."

त्यांनी समासात बारीक अक्षरांत लिहिलं. भ्रमाचं वाक्य त्यांनी आपणहून खोडलं. मग टाक शेवटच्या ओळीवर आणून थांबले. "आणि हे? लोकांनी त्यास तेथेच..." त्यांना ते वाचवेना.

"ऱ्हाऊ द्या," कमरबी म्हणाली. "त्ये खरं हाय."

आम्ही निघालो. त्यांनी चहाचं विचारलं. ती नको म्हणाली, पण पाणी मागितलं आणि घटाघटा प्याली. रस्त्यानं ती माझ्या पुढं चालत होती. स्टँडवर शेड रिकामी होती, दुधनीची गाडी नुकतीच सुटली होती. ती बाकावर बसली आणि हातांकडे बघत राहिली.

"खाला, बरं वाटत नाही का?"

"पंचवीस वर्सं रडले न्हाय गं मी," ती म्हणाली. "दुधनीत आई म्हनायची, रड एकदा, मोकळी हो. न्हाय रडले. मी रडले असते, तर त्यो मेला असता."

मग ती रडली. पदर तोंडात कोंबून, नंतर न कोंबता, बांगडीवाल्या आणि शेंगावाल्या बायकांसमोर. त्या जवळ आल्या, त्यातल्या एकीनं विचारलं, कोण गेलं? मी म्हणाले, यांचे मालक. कधी? आज, मी म्हणाले. ती बाई आपली पाटी खाली ठेवून कमरबीजवळ बसली. सोलापूरची गाडी लागली, भरली, गेली. आम्ही बसून राहिलो.